एका घोड्याची अनेक घड्याळे

एप्रिल सरत आला की महालक्ष्मीच्या मैदानावरचा मुंबईचा मोसम आटोपतो आणि शर्यतीचे घोडे बोरघाट चढून पुण्याला येतात. पुण्याचा मोसम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसाचा. दमट उकाड्यात पळणाऱ्या जनावराला दोन-अडीच महिन्यांत ओल्या हिरवळीवर पळायला तयार व्हावे लागते. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार तबेला बदलतो, चंदी (दाण्याचा खुराक) बदलतो, सरावाची वेळ बदलतो. पण घोड्याचे शरीर असे एका दिवसात बदलत नाही. सगळे अवयव एका वेगाने तर मुळीच बदलत नाहीत. रक्ताला दोन-तीन आठवडे पुरतात, हाडांना महिने लागतात, खुराला जवळजवळ वर्ष. ऋतूप्रमाणे सराव आखायचा म्हणजे या वेगवेगळ्या घड्याळांचे भान ठेवायचे. हे भान सुटले की दुखापतीला वाट मिळते, असे माझे ठाम मत आहे.

आधी उन्हाळा. पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा धावण्याच्या कामी येते. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर पडते कातडीतून, आणि दर किलो वजनामागे घोड्याला मिळणारी कातडी माणसाच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणून तो भरपूर घामाघूम होतो. कडक कामात ताशी 10 ते 15 लिटर घाम जाऊ शकतो. खोगिराखाली आणि मांड्यांच्या मधे जो पांढरा फेस दिसतो, तो लॅथरिन नावाच्या प्रथिनामुळे. साबणासारखे काम करणारे हे प्रथिन तेलकट केसांवर घाम पसरवते, म्हणजे तो लवकर वाळतो आणि अंग निवते.

या घामातच एक मेख आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घाम गेला की रक्तातले मिठाचे प्रमाण वाढते आणि मेंदू तहान लावतो. घोड्याच्या घामात पाण्याबरोबर मीठही भरपूर जाते. रक्तातले प्रमाण फारसे बदलत नाही, त्यामुळे तहानेचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. शरीर कोरडे पडत चाललेला घोडा भरल्या बादलीपुढे शांत उभा राहतो, आणि ‘पाणी नको असेल’ म्हणून बादली उचलली जाते. उन्हाळ्यात चंदीत मीठ घालायचे ते यासाठी.

किती ऊन म्हणजे फार ऊन? घोडेवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. ती 150 ओलांडू लागली की काम हलके करायचे, 180 च्या जवळ गेली की घोडा तबेल्यातच ठेवायचा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 100 अंश आणि 20 टक्के असेल तर बेरीज 120. मुंबईत मे महिन्यात 91 अंश आणि 70 टक्के असेल तर 161. पारा कमी असूनही मुंबई घोड्याला जड जाते, कारण घाम वाळतच नाही. अर्थात या बेरजेत थेट ऊन आणि वारा मोजलेले नसतात. त्यामुळे पुण्याचे 120 पाहून भर दुपारी घोडा बाहेर काढणे हा शहाणपणा नव्हे.

उकाड्याची सवय व्हायला घोड्याला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातला पातळ भाग वाढतो आणि घाम लवकर सुटू लागतो. काही घोड्यांचे मात्र उलटे होते: दमट उष्ण हवेत राहून घाम येणेच कमी होते किंवा थांबते. काम संपल्यावर अंग कोरडे, पण श्वास जोरात चाललेला, असे दिसले तर पशुवैद्याला बोलावण्यात एक दिवसाचीही चालढकल करू नये.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असे आजही ऐकू येते. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उकाडा आणि घोडे यांवर बरेच संशोधन झाले आणि ही भीती निराधार ठरली. उलट सर्वांगावर गार पाणी ओतत राहणे हाच सर्वांत प्रभावी उपाय आहे. टोकियोचे ऑलिंपिक 2021 च्या उन्हाळ्यात झाले, तेव्हा क्रॉस-कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानात अडथळे ओलांडत धावायची, शर्यत सकाळी ठेवली होती आणि तिचे अंतरही कमी केले होते. ही शर्यत ज्या इव्हेंटिंग स्पर्धेचा एक टप्पा असते, तिच्यात भारताचा फवाद मिर्झा 23 वा आला.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे विकत घेतले जातात, तेव्हा डिसेंबर असतो आणि अंगावर दाट केस असतात. हे केस थंडी संपली म्हणून झडत नाहीत. दिवस मोठा होऊ लागला की झडतात. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ती वाढ घोड्याचा मेंदू डोळ्यांतून मोजत असतो. त्या काळात खरारा जास्त वेळ करावा. आणि आपल्याकडच्या थंडीत धडधाकट घोड्यावर जाड झूल टाकायची घाई करू नये. सुमारे 5 अंश सेल्सिअसपर्यंतची कोरडी थंडी तो सहज सोसतो, आतड्यात कडबा-गवत आंबताना निघणारी ऊब त्याला पुरते. काळजी घ्यायची ती पाण्याची. थंडीत घोडा पाणी कमी पितो, सुका चारा आतड्यात अडकतो आणि पोटशूळ उठतो.

आता पाऊस, आणि सगळ्यात अवघड भाग. पश्चिम भारतातल्या शर्यतींत मैदान किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजतात: ठरावीक वजन पाडून सळई किती रुतते ते पाहायचे. टणक जमिनीचा हादरा हाडांना बसतो. मऊ, खोल चिखलात पाय उपसताना स्नायू थकतात आणि थकलेल्या पायातल्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो. भरधाव घोड्याच्या पुढच्या पायातली मागची कंडरा ताणून-सैल होऊन आतून सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, असे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. मोठ्या घोड्याची कंडरा सरावाने फारशी बळकट होत नाही. ती जपायचीच असते.

पावसात काही आठवडे बसून राहिलेल्या घोड्याचा दम लवकर परत येतो आणि स्वारही फसतो. हाड तसे नाही. पुन्हा भार पडला की शरीर जुने हाड आधी पोखरते, मग नवे भरते. मधल्या काळात ते कमजोर असते. म्हणून पहिले काही आठवडे पाऊलचाल आणि दुडकी, कावा अगदी थोडा (लहान वर्तुळात आतल्या पायावर ताण येतो), आणि भरधाव धाव हळूहळू वाढवत न्यावी.

चिपळूणजवळ पावसाळी छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी धाडलेल्या पत्रात हाच ऋतूचा हिशेब आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी समज त्यात दिली आहे.

चिखलात उभ्या घोड्याचे खूर मऊ होतात, नालाचे खिळे ढिले पडतात, तळाच्या खाचांत सड लागून दुर्गंधी येते. रोज खूर साफ करून कोरड्या जागेवर उभे करणे हाच त्यावर उपाय. मात्र खुराची खरी घडण खूप आधीच होते. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे वरच्या कडेला तयार झालेला भाग पुढे जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागते. येत्या जूनमध्ये घोडा ज्या खुरावर चिखलात उतरेल, त्याचा जमिनीला टेकणारा पुढचा भाग गेल्या पावसाळ्यात, तेव्हा मिळालेल्या चाऱ्यावर घडलेला असेल.