उंच हँडलबार: हातांचा आराम आणि वाऱ्याचा हिशेब

मोटारसायकलवर दोन-तीन तास बसल्यानंतर तळहात बधिर होऊ लागले की बहुतेकांना हँडल उंच करून घ्यावेसे वाटते, आणि त्यामागचे कारण खरेच आहे. स्वाराचे शरीर वाहनाला सीट, फूटरेस्ट आणि हँडलच्या मुठी अशा तीनच ठिकाणी टेकलेले असते. मुठी खाली आणि पुढे असल्या की धड झुकते, त्याचे काही वजन तळहातांवर उतरते आणि करंगळीच्या बाजूने जाणारा मज्जातंतू दाबला जाऊन करंगळी व अनामिकेला मुंग्या येतात. मुठी वर आणल्या की हा भार सीटकडे सरकतो. परंतु मुठी खांद्यांच्याही वर नेल्या, तर रक्ताला हृदयापासून चढ चढावा लागतो, हात पेलून धरण्यात खांद्यांचे स्नायू थकतात आणि ज्या मुंग्यांपासून सुटका हवी होती त्या दुसऱ्या वाटेने परत येतात. ‘एप हँगर’ नावाच्या अतिउंच हँडलचा रुबाब मला मान्य आहे, आराम मात्र नाही.

उंच हँडलने गाडी वळवायला हलकी होते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. चालत्या गाडीला उजवीकडे वळवताना स्वार, बहुधा नकळत, उजवी मूठ क्षणभर पुढे ढकलतो. या ढकलण्याचा परिणाम मूठ स्टिअरिंगच्या अक्षापासून किती दूर आहे यावर ठरतो, कारण हँडल ही एक तरफच आहे. हँडल अक्षाच्याच दिशेने वर सरकवले, तर हे अंतर तसूभरही बदलत नाही. ते बदलते रुंदीने: ७०० मिलिमीटर रुंदीच्या जागी ८०० मिलिमीटरचे हँडल बसवले, तर तेवढ्याच वळणासाठी सुमारे एक अष्टमांश कमी जोर पुरतो, मात्र हाताला त्या प्रमाणात जास्त अंतर कापावे लागते. उंच हँडले बहुधा रुंदही असतात, म्हणून रुंदीचे श्रेय उंचीला मिळते. उलट, मुठी फार मागे ओढलेल्या असतील तर पुढे-मागे ढकलण्याऐवजी हातांना आडवे झुलावे लागते, होडीचे सुकाणू फिरवावे तसे, आणि पूर्ण वळणावर बाहेरचा हात ताणला जातो. नुसते रायझर, म्हणजे हँडलखाली बसवायचे उंचीचे ठोकळे, बसवले तरी मुठी स्वाराकडे थोड्या मागे येतातच, कारण अक्ष मागे कललेला असतो. तो २५ अंशांनी कललेला असेल तर ५० मिलिमीटरच्या रायझरने हँडल ४५ मिलिमीटर वर आणि २१ मिलिमीटर मागे येते.

लांब नळी लवतेही. एका टोकाला घट्ट धरलेल्या नळीचे लवणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लांबी २० वरून २५ सेंटिमीटर केली की तेवढ्याच जोराने ती जवळजवळ दुप्पट लवते. उंच हँडलच्या गाडीत दिलेला इशारा किंचित उशिरा पोहोचल्यासारखा वाटतो तो यामुळे. जाड व्यासाची नळी हा दोष बराच कमी करते.

सर्वांत मोठी किंमत मात्र वारा वसूल करतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या धडाचे रोध-क्षेत्रफळ, म्हणजे आकाराचा परिणाम धरून वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ, ०.४ चौरस मीटर धरले, तर ताशी ५० किलोमीटरला हवा सुमारे ४६ न्यूटन, म्हणजे पाच किलोहून कमी वजनाएवढ्या जोराने छातीवर रेटते, आणि ताशी १०० किलोमीटरला हाच रेटा १८५ न्यूटनवर, म्हणजे जवळजवळ १९ किलोवर जातो. पुढे झुकलेल्या स्वाराला हाच वारा काहीसा उचलून धरतो आणि मनगटांचा भार कमी करतो. ताठ बसलेल्याला मात्र मागे पडू नये म्हणून हँडलला लटकावे लागते, आणि झोताचा प्रत्येक हिसका हातांवाटे स्टिअरिंगमध्ये उतरतो. शिवाय हा रेटा जमिनीपासून सुमारे १.१ मीटर उंचीवर लागतो. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर असेल तर तो पुढच्या चाकावरचा जवळजवळ १५ किलो भार मागच्या चाकावर ढकलतो. धडाचे ४५ किलो वजन १० सेंटिमीटर मागे सरकल्याने होणारा फरक जेमतेम तीन किलोंचा आहे. ‘उंच हँडलने पुढचे चाक हलके होते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बसण्याच्या ढबीइतकाच वेगाचाही विचार करावा.

म्हणून शहरात किंवा खडबडीत वाटेवर हळू फिरणाऱ्याला उंची मानवते, तर महामार्गावर दिवस काढणाऱ्याला ती विंडस्क्रीनशिवाय जाचक ठरते. कंबरदुखीवर तर हा हमखास उपाय नव्हेच, कारण ताठ मणक्यात खड्ड्याचा दणका सरळ वर चढतो. माप ठरवताना नेहमीच्या ढबीत बसून डोळे मिटावेत, कोपरे किंचित वाकवून हात सहज पुढे धरावेत आणि ते जिथे थांबतील तिथे मुठी असाव्यात. बहुतेकांना दोन ते पाच सेंटिमीटरच पुरतात. तेवढ्याही बदलाने अ‍ॅक्सिलरेटर व क्लचच्या केबल, ब्रेकची नळी आणि वायरी तोकड्या पडू शकतात. जोडणी झाल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. तसे करताना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. अशा वेळी ती बदलेपर्यंत किंवा तिची वाट नीट करेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.