सार्वजनिक कायदा व मानवी हक्कांचा सॉलिसिटर (इंग्लंड आणि वेल्स)

सरकारी खाती, स्थानिक परिषदा, पोलीस, तुरुंग, सरकारी रुग्णालये अशा सार्वजनिक सत्ता वापरणाऱ्या संस्थांविरुद्ध सामान्य माणसाची बाजू तयार करणारा वकील. इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिली दोन शाखांत विभागलेली आहे. अशिलाला भेटणे, त्याची हकीकत लिहून घेणे, कागदपत्रे मिळवणे, नोटीस धाडणे, दावा दाखल करणे आणि खर्चाची सोय लावणे ही सॉलिसिटरची कामे. उच्च न्यायालयात युक्तिवाद मुख्यतः बॅरिस्टर करतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (ओरिजिनल साइड) हीच पद्धत दीर्घकाळ चालली आणि फोर्टमधल्या सॉलिसिटर पेढ्या तिचाच वारसा आहेत. त्या पेढ्यांचा भर मालमत्तेचे टायटल, दस्त आणि कंपन्यांचे व्यवहार यांवर राहिला. येथे वर्णिलेल्या सॉलिसिटरचे अशील म्हणजे बेघर कुटुंब, आश्रय मागणारा निर्वासित, कैदी, अपंग मुलाची आई किंवा पोलीस कोठडीत दगावलेल्याचे नातलग. गाजलेल्या निकालांत न्यायाधीश आणि बॅरिस्टर लक्षात राहतात. ज्या पुराव्यावर तो निकाल उभा असतो, तो मात्र बहुतेक वेळा सॉलिसिटरने महिनोन्‌महिने खपून गोळा केलेला असतो.

या कामाचे मुख्य हत्यार न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या निर्णयाची कायदेशीरता न्यायालयाकडून तपासून घेणे, हे आहे. त्याची आजची कार्यपद्धती १९७७ च्या नियमबदलातून आणि १९८१ च्या वरिष्ठ न्यायालयांच्या कायद्यातून आली. १९८४ मध्ये जीसीएचक्यू या गुप्तवार्ता केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटनाबंदीच्या खटल्यात लॉर्ड डिप्लॉक यांनी हस्तक्षेपाची तीन कारणे मांडली : बेकायदेशीरपणा, अविवेक आणि कार्यपद्धतीतील दोष. निर्णय चांगला की वाईट हे न्यायालय पाहत नाही, तो कायद्याने घेतला गेला का एवढेच पाहते. त्यामुळे जिंकल्यानंतरही तीच परिषद योग्य पद्धतीने पुन्हा तोच निर्णय घेऊ शकते. ही गोष्ट अशिलाला पहिल्याच भेटीत समजावून सांगणे अवघड असते, पण ती सांगितलीच पाहिजे.

वेळ फार थोडा असतो. दावा विनाविलंब आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत दाखल करावा लागतो. नियोजन परवानग्यांच्या बाबतीत मुदत सहा आठवड्यांची आहे. त्याआधी समोरच्या संस्थेला दावापूर्व पत्र पाठवायचे आणि उत्तरासाठी साधारण १४ दिवस द्यायचे, असा शिरस्ता आहे. बाहेरच्यांना हे पत्र औपचारिक वाटते, पण कसबी सॉलिसिटरची खरी परीक्षा तिथेच होते. कोणत्या कलमाखालचे कर्तव्य मोडले, कोणता कागद पाहिला गेला नाही, काय केले तर वाद मिटेल, हे चार-पाच पानांत नेमके लिहिले, तर अनेक प्रकरणे न्यायालयात न जाताच सुटतात. कुटुंबाला तात्पुरता निवारा मिळतो, अपंग व्यक्तीच्या देखभालीचे मूल्यमापन नव्याने होते. या यशाची नोंद कोणत्याही निकालसंग्रहात सापडत नाही. उत्तर आले नाही, तर लंडनमधील रॉयल कोर्ट्‌स ऑफ जस्टिसमध्ये किंवा बर्मिंगहॅम, कार्डिफ, लीड्स व मँचेस्टर येथील केंद्रांत प्रशासकीय न्यायालयाकडे जाता येते. तिथे आधी न्यायाधीशाची परवानगी लागते. अगदी निकडीच्या वेळी, उदाहरणार्थ कोणाला त्याच रात्रीच्या विमानाने देशाबाहेर पाठवले जाणार असेल, तर कार्यालयीन वेळेनंतरही न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. साध्या पत्रालाच याचिका मानण्याची भारतीय सर्वोच्च न्यायालयाने रूढ केलेली वाट मात्र तिथे नाही.

मानवी हक्क कायदा १९९८ चा. तो २ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि युरोपीय मानवी हक्क करारातील हक्क देशातल्याच न्यायालयांत मागता येऊ लागले. त्याआधी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागे. कायद्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही बेलमार्शच्या खटल्यात दिसतात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर २००१ मध्ये केलेल्या दहशतवादविरोधी कायद्याने संशयित परदेशी नागरिकांना आरोप न ठेवता बेमुदत डांबण्याची मुभा सरकारला दिली. आग्नेय लंडनमधील बेलमार्श तुरुंगात अशी माणसे वर्षानुवर्षे राहिली. त्यांच्यापैकी अनेकांच्या सॉलिसिटर गॅरेथ पियर्स होत्या. गिल्डफर्डच्या बाँबस्फोटात चुकीने जन्मठेप भोगलेल्या आणि १९८९ मध्ये सुटलेल्या चौघांपैकी गेरी कॉनलन यांचे प्रकरणही त्यांनीच लढवले होते. १६ डिसेंबर २००४ रोजी त्या वेळी देशाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी ही तरतूद करारातील हक्कांशी विसंगत ठरवली. अशा घोषणेने संसदेचा कायदा रद्द होत नाही, त्यामुळे निकालाच्या दिवशी तुरुंगाचे दार उघडले नाही. मार्च २००५ मध्ये संसदेने त्या तरतुदीच्या जागी नियंत्रण आदेशांची (संशयितांच्या हालचालींवर बंधने घालणाऱ्या आदेशांची) पद्धत आणली, आणि त्याच वकिलांना पुढची अनेक वर्षे त्या आदेशांविरुद्ध लढावे लागले.

मृत्यूच्या चौकशा हे या क्षेत्राचे सर्वांत जड दालन. कॉरोनर (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) ही संस्था मुंबईकरांनाही एकेकाळी परिचित होती. इंग्लंडमध्ये ती आजही चालू आहे. कोठडीतील किंवा सरकारी देखरेखीखालील मृत्यूत करारातील जीविताच्या हक्कामुळे चौकशीला अधिक खोली येते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीचा पहिला निष्कर्ष १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा लागला होता. दोष मद्यधुंद प्रेक्षकांचाच, असे पोलिसांनी पसरवले. नातलगांनी हार मानली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तो निष्कर्ष रद्द झाला आणि वॉरिंग्टन येथे दोन वर्षांहून अधिक चाललेल्या नव्या चौकशीत ज्यूरीने २६ एप्रिल २०१६ रोजी ९६ जणांचा मृत्यू बेकायदेशीर हत्या ठरवला. प्रेक्षकांवरचा ठपकाही पुसला. सत्तावीस वर्षे दुःख उराशी धरून बसलेल्या माणसांसोबत काम करताना कायद्याच्या ज्ञानाइतकाच संयम लागतो. त्यांची जबानी घ्यायची, पोलिसांचे हजारो कागद त्यांच्यासमोर उलगडायचे आणि कोणतेही खोटे आश्वासन द्यायचे नाही.

पैशाचा प्रश्न या पेशाच्या मुळाशी आहे. १९४९ च्या कायद्याने गरिबांच्या वकिलीचा खर्च सरकारने उचलण्याची व्यवस्था केली. २०१२ च्या कायद्याने तिला मोठी कात्री लावली. १ एप्रिल २०१३ पासून आश्रयाखेरीजची बहुतेक स्थलांतर प्रकरणे आणि कल्याणभत्त्यांचे बहुतेक वाद मदतीबाहेर गेले. न्यायिक पुनर्विलोकन आत राहिले, पण २०१४ पासून न्यायाधीशाने परवानगी नाकारली तर दाव्याच्या कामाचा मोबदला वकिलाला सहसा मिळत नाही. ही अट अन्यायाची आहे. नवा, अजून न तपासला गेलेला मुद्दा मांडण्याची किंमत तिच्यामुळे सर्वांत लहान पेढीवर पडते. ज्यांना मदत मिळत नाही, त्यांच्यापुढे हरल्यास सरकारचा खर्च भरण्याची भीती उभी असते. २६ जुलै २०१७ रोजी युनिसन या कामगार संघटनेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगार न्यायाधिकरणांचे शुल्क बेकायदेशीर ठरवले, कारण त्या शुल्काने न्यायाचा दरवाजाच बंद होत होता. 

या पेशाला स्वतःचे डागही आहेत. इराकमधील ब्रिटिश सैनिकांवरच्या आरोपांची प्रकरणे चालवणारे फिल शायनर यांची सनद गैरवर्तनामुळे २०१७ मध्ये रद्द झाली. २०२४ मध्ये त्यांनी फसवणुकीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. कैद्यांच्या छळाची काही प्रकरणे खरीच होती. बसरा येथे २००३ मध्ये ब्रिटिश कोठडीत मारहाणीने मेलेल्या बहा मूसा यांच्या मृत्यूची सार्वजनिक चौकशी त्याची साक्ष देते. म्हणूनच पुराव्याशी केलेला खेळ अधिक घातक ठरला. दुसरीकडे, ऑगस्ट २०२० मध्ये गृहखात्याने एका चित्रफितीत स्थलांतर प्रकरणांतील वकिलांना ‘चळवळे वकील’ म्हणून हिणवले आणि तक्रारींनंतर ती मागे घेतली. अशिलाची बाजू मांडणाऱ्याला त्या अशिलाच्या रंगात रंगवण्याची ही सवय जुनी आणि धोकादायक आहे.

पेशात शिरण्याची वाट सप्टेंबर २०२१ पासून बदलली. आता दोन टप्प्यांची समान पात्रता परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो अनुभव चार ठिकाणांपर्यंत विभागून घेता येतो आणि त्यात विद्यापीठाचे मदतकेंद्र किंवा गरजूंना कायदेशीर मदत देणारे विधी केंद्रही धरले जाते. अशा केंद्रांपैकी पहिले १९७० मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये सुरू झाले. पूर्वीपेक्षा ही वाट लवचिक आहे, तरी अनेकांची सुरुवात तुटपुंज्या पगारावर पॅरालीगल (वकिलाचा सहायक) म्हणूनच होते. व्यापारी पेढ्यांतील वेतनाशी इथली तुलनाच नाही. पुढे कोणी भागीदार होतो, कोणी लिबर्टी (स्थापना १९३४) किंवा पब्लिक लॉ प्रोजेक्ट (१९९०) यांसारख्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जातो, कोणी न्यायाधिकरणाचा न्यायाधीश होतो. सरकारच्या विधी खात्यातील सॉलिसिटरही याच कायद्याचे जाणकार असतात. हातातले प्रतिकूल कागदही न्यायालयापुढे प्रांजळपणे ठेवण्याचे सरकारी पक्षाचे कर्तव्य प्रत्यक्षात त्यांच्याच हातून पार पडते.

हिल्सबरोच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे मागितलेले विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडले गेले. सार्वजनिक अधिकाऱ्यांवर सत्य सांगण्याचे कायदेशीर बंधन घालणे आणि सार्वजनिक संस्था पक्षकार असलेल्या मृत्यूच्या चौकशीत नातलगांना वकिलासाठी सरकारी मदत देणे, या त्यातील दोन मुख्य तरतुदी आहेत.