मांजराच्या मिशा

मांजराच्या मिशा : मांजराच्या वरच्या ओठावर, भुवयांच्या जागी, गालांवर, हनुवटीला आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूस मनगटापाशी असलेले लांब, ताठ स्पर्शकेश. ओठावरच्या मिशा दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण २४ भरतात. त्या चार ओळींत असतात आणि वरच्या दोन ओळी मांजराला खालच्या दोन ओळींपासून वेगळ्या हलवता येतात. मनगटाच्या मिशा सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. पाय उलटा करून पाहिला की तळव्याच्या वरच्या अंगाला त्या दिसतात.

मीस अंगावरच्या केसापेक्षा दुपटी-तिपटीने जाड असते आणि तिचे मूळ सुमारे तिप्पट खोल रुजलेले असते. केसाला स्वतःला संवेदना नसते. सगळी करामत मुळाशी आहे. मुळाभोवती रक्ताने भरलेली पोकळी आणि १०० ते २०० तंत्रिकातंतू असतात. टोक जरासे वाकले तरी मूळ तरफेसारखे कलते आणि कोणती मीस, कुठल्या बाजूला, किती वाकली ही खबर मेंदूला मिळते. म्हणून मीस कापली तर दुखत नाही, उपटली तर मात्र फार दुखते.

मांजराला अंधुक उजेडात उत्तम दिसते, पण नाकासमोर २५-३० सेंटिमीटरच्या आतले नीट दिसत नाही. ही उणीव मिशा भरून काढतात. निफाड-लासलगावच्या कांदाचाळींचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो. त्याखालच्या काळोखात बोका उंदरावर झडप घालतो, त्या क्षणी त्याच्या मिशा पंख्यासारख्या पुढे येऊन सावजाला जवळजवळ वेढतात आणि मानेचा घास नेमका कुठे घ्यायचा ते त्याला स्पर्शाने कळते. पंजात धरलेला उंदीर मेला की अजून वळवळतो आहे, हे मनगटाच्या मिशा सांगतात. भिंतीला, फडताळाला वळसा घालून येणारी हवेची झुळूकही मिशांना जाणवते. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात मांजर कुठे धडकत नाही, त्यात या जाणिवेचा वाटा आहे.

फट अंगाला पुरेल का, याचा अंदाजही मिशा देतात. त्यांचा पसारा साधारण धडाच्या रुंदीइतका असतो आणि मांजराचे गळ्याचे हाड खांद्याला पक्के जोडलेले नसल्याने डोके गेले की बहुधा अंगही जाते. मात्र मांजर लठ्ठ झाले म्हणून मिशा लांबत नाहीत, आणि मग खिडकीच्या गजांत पोट अडकते. तांब्यात डोके अडकण्याचे कारण वेगळे. आत जाताना मिशा मागे दुमडतात, दुधाच्या वासापुढे त्यांचा इशारा दुर्लक्षिला जातो आणि बाहेर येताना कान व जबड्याचे कोपरे काठाला अडतात. अशा वेळी तांब्या हिसकू नये. मांजराला टॉवेलात घट्ट गुंडाळावे, मानेला खाद्यतेल लावावे, कान डोक्याला चपटे दाबून तांब्या हळूहळू फिरवत काढावा. निघाला नाही तर पशुवैद्य गाठावा. घरी पत्रा कापू नये.

मिशा कापल्या तर मांजराचा तोल जातो, ही समजूत अतिशयोक्त आहे. तोल सांभाळण्याचे मुख्य काम अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे, लवचीक कणा आणि शेपूट यांचे. पडताना हवेतल्या हवेत पायांवर वळण्याची क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये छायाचित्रांच्या मालिकेने दाखवली. ती कौशल्याने साधते कण्याच्या पिळामुळे, मिशांमुळे नव्हे. स्फिंक्स जातीच्या मांजरांना मिशा जवळजवळ नसतात, तरी ती व्यवस्थित उड्या मारतात. मिशा गेल्यावर बिघडतो तो अंतराचा अंदाज. मांजर कडेला बिचकते, अरुंद जागी थबकते, अंधारात वस्तूंना घासते. तोल सतत जात असेल, मान एका बाजूला कललेली असेल, तर मिशांकडे नव्हे, कानाकडे पाहावे.

मिशा आपोआप गळतात व नव्या येतात; तुटलेली मीस पूर्ववत व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. एखाददुसरी सतरंजीवर सापडली तर काळजीचे कारण नाही. एकाच बाजूच्या बऱ्याच गळल्या, सोबत कातडीवर खपल्या किंवा गोल चट्टे दिसले, तर गजकर्ण किंवा किडीचा संशय घ्यावा. थंडीत निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा भाटी पिलांसह चुलीच्या वैलापाशी झोपते आणि मिशा होरपळतात. होरपळलेल्या मिशीचे टोक आकसून वळते, त्यावर तपकिरी गाठ दिसते आणि केस जळाल्याचा वास येतो. ती टोके कातरू नयेत, उरलेली लांबीही कामाचीच असते. ओठावर फोड आले आहेत का, तेवढे तपासावे.

खोल वाटीच्या कडेला मिशा घासून मांजराला थकवा येतो, असे हल्ली सांगितले जाते. त्याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही. तरी मांजर वाटीतला घास बाहेर ओढून फरशीवर खात असेल, तर पसरट ताटली देऊन पाहायला काही बिघडत नाही.