प्लेग, गिरणीकामगार आणि रोजचा रोज पगार

२०२० च्या टाळेबंदीत मजूर शहर सोडून निघाले तेव्हा 'असं कधी पाहिलं नव्हतं' असं सगळीकडे म्हटलं गेलं. मुंबईने ते पाहिलं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीलगतच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचं निदान केलं. हा प्लेग होता. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसं निघून गेली होती. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतला गिरणीकामगार गावाकडे पळाला, कारण गावी थोडी का होईना जमीन होती आणि घरचं माणूस होतं. ज्याला गावच उरलं नव्हतं, तो इथेच राहिला.

त्या काळी गिरणीत महिन्याचा पगार पुढचा महिना बराच सरल्यावर हातात पडे. खाडे आणि दंड कापून उरेल तेवढाच. मालकाकडे अडकलेले हे पैसे म्हणजे कामगाराला बांधून ठेवणारा दोर होता. वाण्याची उधारी आणि व्याजाचं चक्र त्यातूनच सुरू होई. प्लेगने हा दोर तोडला. आज कामावर असलेला माणूस उद्या गाठ येऊन जाईल अशी अवस्था असताना महिनाभर थांबायला कोण तयार होणार? कामगार रोजचा पगार रोज मागू लागले. माणसं इतकी कमी पडली की एका गिरणीची माणसं दुसरी गिरणी जादा मजुरी देऊन पळवू लागली. रस्त्याच्या नाक्यांवर मजुरीची उघड बोली लागे. एरवी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर जगणाऱ्या माणसाला आपल्या कामाचा भाव आपण सांगण्याची संधी पहिल्यांदाच मिळाली, आणि ती मिळण्यासाठी शेजारची खोली रिकामी व्हावी लागली, हे विसरता येत नाही.

ही संधी काही महिनेच टिकली. साथ ओसरली, गावाकडची माणसं परतली, दख्खनच्या दुष्काळाने नवे हात शहराकडे ढकलले. मालकांनी महिना पगार पुन्हा लादायला सुरुवात केली. काही गिरण्यांत त्यावरून संप झाले, पण ते एकत्र बांधणारं कोणी नव्हतं. रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. नेमका तोच काळ बोली लागण्याचा होता. पुढच्या महिन्यात, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

टिकाऊ बदल झाला तो घरांच्या बाबतीत, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते निघाले. दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या गेल्या आणि पगारदार मध्यमवर्गाला हवेशीर घर मिळालं. पाडलेल्या चाळींतल्या मजुरांना मात्र पुरेशी घरं बांधली गेली नाहीत. ते शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले. ट्रस्टने काही चाळी बांधल्या, त्यांतल्या परळच्या एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब सुमारे दोन दशकं राहिलं.

त्या दाटीची किंमत १९१८ च्या इन्फ्लुएंझात मोजली गेली. मुंबईत 'खालच्या' म्हटल्या गेलेल्या जातींत मृत्यूचं प्रमाण हजारी ६१.६ होतं, इतर हिंदूंमध्ये १८.९, युरोपीयांमध्ये ८.३. कोण कुठे आणि किती जणांसोबत राहतो, यावर जगणं-मरणं ठरत होतं.

२०२० मध्ये टाळेबंदी सैल होऊ लागताच बोलीही परत आली. मजूर मिळेनात म्हणून पंजाबातल्या शेतकऱ्यांनी बिहार-उत्तर प्रदेशात बसगाड्या पाठवल्या, काही बिल्डरांनी विमानाची तिकिटं काढून दिली. दुसरीकडे टाळेबंदीतही पूर्ण पगार द्या, हा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. गुजरातने कारखान्यांना १२ तासांच्या पाळीची आणि जादा तासांसाठीही साध्याच दराने मजुरी देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली आणि त्या काळातल्या जादा तासांची मजुरी कायद्याप्रमाणे चुकती करायला सांगितलं.