घरातल्या रोपांच्या खोलीसाठी वीज : दिवे घेण्याआधी हे वाचा

तुम्ही आमच्याकडे ग्रो लाइट घ्यायला येता तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो : "एवढ्या जागेला किती वॅट लागतील?" त्याचं उत्तर आम्ही देतोच. पण त्याआधी आम्ही विचारतो, की ज्या सॉकेटला हे सगळं लावणार आहात, त्याच्यामागची वायर रोज सोळा तास न थांबता किती लोड घेऊ शकते? अनेकांना हे सांगता येत नाही आणि ते साहजिक आहे. घरातल्या इतर वस्तूंसाठी तशी वेळच येत नाही. मिक्सर दोन मिनिटं फिरतो, इस्त्री तापली की आपोआप बंद होते, आणि मधल्या वेळात वायर, पिन, सॉकेट सगळं निवतं. रोपांचे दिवे मात्र सकाळी लागतात ते रात्रीच मालवतात. जोडांना निवायला उसंत मिळत नाही. या पत्रकातलं बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला नाही, तरी सॉकेट जळला

सुरुवातीच्या काळात आमच्या स्वतःच्या रोपांच्या खोलीत हे घडलं. लोड साधारण ८ अँपिअर, सॉकेट १६ अँपिअरचा, कागदावर निम्माच. तिसऱ्या आठवड्यात खोलीत मासळीसारखा वास यायला लागला. आम्हाला आधी पाण्याच्या टाकीचा संशय आला. टाकी धुतली, पाणी बदललं, तरी वास जाईना. शेवटी प्लग ओढला तर तो निघेना. निघाला तेव्हा एका पिनेवर काळपट थर चढलेला होता आणि सॉकेटचं ते भोक तपकिरी पडून कडेने वितळलं होतं. आत वायर धरणारा स्क्रू जेमतेम अर्धा फेरा सैल होता. बाकी काहीच बिघडलेलं नव्हतं.

याचा हिशोब सोपा आहे. सैल जोडापाशी फक्त ०.२ ओहम रोध असला, तरी ८ अँपिअर वाहताना तिथे ८ × ८ × ०.२ म्हणजे १२.८ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या ती निम्मी झाली, आणि तीही बंद प्लास्टिकच्या आत, दिवसभर. उष्णतेने जोड आणखी बिघडतो, मग उष्णता आणखी वाढते. करंट निम्म्यावर आणला तर ती पावपट होते, म्हणून दोन मोठे दिवे एकाच सॉकेटवर लादण्यापेक्षा वेगळ्या सर्किटवर वाटून द्यावेत असं आम्ही सुचवतो.

एमसीबीला यातलं काही दिसत नाही. तो फक्त करंट बघतो, आणि तोही बऱ्यापैकी सवलत देऊन. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १६ अँपिअरचा एमसीबी सुमारे १८ अँपिअरवर तासभर तरी पडता कामा नये, आणि सुमारे २३ अँपिअरवर तासाभराच्या आत पडला पाहिजे. 'एमसीबी पडत नाही, म्हणजे सगळं ठीक' असं म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही हे दोन आकडे दाखवतो.

लोड कसा मोजायचा

दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. तो आकडा पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या दिव्याशी केलेली तुलना असते. दिव्याच्या मागे किंवा ड्रायव्हरवरच्या (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या) पट्टीवर प्रत्यक्ष वॅट आणि अँपिअर दिलेले असतात, तेच धरा. जुन्या सोडियम दिव्याला चोक असेल तर चोक जे वॅट खातो तेही मिळवा.

एक उदाहरण घेऊ. २४० वॅटचे दोन दिवे, म्हणजे ४८०. हवा बाहेर टाकणारा पंखा ४०, आतले दोन छोटे पंखे मिळून ४०, पाण्याचा पंप २५, हवेचा पंप १०, दमटपणा काढणारं यंत्र ३००. एकूण ८९५ वॅट. २३० व्होल्टवर हे ३.९ अँपिअर होतात. पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वॅट आणि व्होल्ट × अँपिअर यांचं गुणोत्तर) ०.९ धरला तर ४.३ च्या आसपास. (पुरवठा १२० व्होल्टचा असेल तिथे तेवढ्याच वॅटला जवळजवळ दुप्पट अँपिअर लागतात, हे विसरू नका.)

दिसायला काहीच नाही. पण त्याच एमसीबीवर शेजारच्या खोलीतला सॉकेट असेल आणि तिथे कुणी १००० वॅटची इस्त्री लावली, तर लोड ८ अँपिअरच्या वर जातो. सलग चालणाऱ्या लोडसाठी आम्ही एमसीबीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतही तीन तास किंवा जास्त सलग चालणाऱ्या लोडला हाच हिशोब आहे. त्या नियमाने १० अँपिअरच्या सर्किटवर तुमच्या हातात ८ आणि १६ च्या सर्किटवर १२.८ अँपिअर असतात. म्हणजे इस्त्री लागताच १० चं सर्किट भरलं. यासाठी घरी एक काम करा : रोपांच्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि घरभर फिरून आणखी काय काय बंद झालं ते लिहून काढा. ही यादी पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा बसवून घेऊ नका. हे आम्ही कळकळीने सांगतो. एमसीबी असतो वायर वाचवायला. भिंतीत १.५ चौरस मिलिमीटरची वायर तशीच ठेवून वर २५ चा एमसीबी बसवला, तर लोड वाढल्यावर आधी वायर तापेल, आणि ती भिंतीच्या आत असल्यामुळे तुम्हाला दिसणारही नाही. मोठी योजना असेल तर मेन बोर्डापासून रोपांच्या खोलीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचं स्वतंत्र सर्किट ओढून घ्यावं. अंतर फार असेल किंवा वायर इतर वायरींसोबत एकाच पाइपातून जात असेल तर ती किती जाडीची हवी, ते वायरमनला ठरवू द्या.

पाणी जवळ असणार, हे धरूनच चला

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण तुमच्या टाकीतलं पाणी शुद्ध नसतं. खताचे क्षार विरघळले की ते चांगलं वाहक बनतं. शिवाय माणसाला धोका पोचवायला काही मिलिअँपिअर पुरतात, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढा करंट कळतही नाही. ते काम आरसीसीबीचं, म्हणजे करंट बाहेर गळू लागताच वीज तोडणाऱ्या स्विचचं. तो ३० मिलिअँपिअरचा हवा, त्याच्या पुढे अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना ते बघायला हवं.

एकाच आरसीसीबीवर बरेच ड्रायव्हर असतील तर तो अधूनमधून विनाकारण पडल्यासारखा वाटतो. प्रत्येक ड्रायव्हर थोडा थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतो आणि त्याची बेरीज होते. अशा वेळी दिवे दोन आरसीसीबींवर वाटून घ्या. तो काढून सरळ जोडणी करू नका.

एकदा पंपाच्या वायरीकडे नीट बघा. टाकीतून बाहेर येणाऱ्या वायरीवरून पाण्याचा थेंब हळूहळू सरकत खाली येतो, आणि वायर सरळ सॉकेटकडे उतरत असेल तर तो थेट प्लगच्या तोंडाशी थांबतो. त्याऐवजी वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. भिंतीला, टाकीच्या पातळीपेक्षा उंच लावा. एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका, आणि उरलेली वायर गुंडाळून ठेवू नका, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही.

टायमर आणि गरमी

टायमरवर लिहिलेले '१६ अँपिअर' बहुधा हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर फार मोठा करंट खेचतो, आणि त्या झटक्याने टायमरची संपर्कपट्टी चिकटून बसू शकते. मग दिवे बंदच होत नाहीत. दोनपेक्षा जास्त दिवे असतील तर टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने दिवे. शिवाय सगळे एकदम न लावता काही मिनिटांच्या अंतराने लावावेत.

४८० वॅटचे दिवे सोळा तास चालले तर रोज ७.६८ युनिट होतात, महिन्याला सुमारे २३०. जवळपास ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते, म्हणून पंख्याचा लोड आधीच हिशोबात धरा.

ऑर्डरआधी आम्हाला काय पाठवाल

मेन बोर्डाचा एमसीबींचे आकडे दिसतील असा फोटो, आरसीसीबी असेल तर त्याचा फोटो, वर सांगितलेली यादी, आणि सॉकेटपासून टाकीपर्यंतचं अंतर. दिवे लावल्यावर पहिल्या दिवशी दोन तासांनी हात कोरडे करून प्लगला बाहेरून हात लावून बघा. किंचित कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल, किंवा जळका वा मासळीसारखा वास येत असेल, तर प्लग न ओढता आधी एमसीबी बंद करा, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि मग आम्हाला कळवा.