हंफ्री जेनिंग्ज: निवेदन काढून टाकणारा युद्धपटकार

1950 साली ग्रीसमधल्या पोरोस बेटावर, नव्या फिल्मसाठी जागा पाहताना कड्यावरून पडून ब्रिटिश माहितीपट दिग्दर्शक हंफ्री जेनिंग्ज गेला. वय 43. त्याचं नाव टिकलं ते मुख्यतः 1940 ते 1945 मधल्या कामामुळे.

केंब्रिजमध्ये साहित्य शिकलेला हा चित्रकार-कवी 1934 मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटमध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात त्याच युनिटचं ‘क्राउन फिल्म युनिट’ झालं. हॅरी वॉटसोबतचा ‘लंडन कॅन टेक इट!’ (1940) अमेरिकन प्रेक्षकांसाठी होता, म्हणून निवेदनही अमेरिकन वार्ताहर क्वेंटिन रेनॉल्ड्सचं.

‘लिसन टू ब्रिटन’मध्ये (1942) निवेदनच नाही. यातली जोखीम कळायला तेव्हाची यंत्रं माहीत हवीत. माहितीपटवाल्यांचा न्यूमन-सिंक्लेअर कॅमेरा किल्लीवर चाले. 200 फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमने जेमतेम सव्वादोन मिनिटं. त्याची घरघर माइकमध्ये शिरे, म्हणून बरीच दृश्यं मुकी घेत आणि आवाज नंतर संकलनाच्या टेबलावर जोडत. सांधे उघडे पडले की वर निवेदन चढवायचं, ही सोपी वाट. ती बंद केल्यावर प्रत्येक सांधा सुरानेच जुळवावा लागला. कारखान्याच्या कँटीनमध्ये फ्लॅनगन आणि ॲलन ही विनोदी गायकांची जोडी गाते आणि तिथून आपण थेट लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात पियानोवादक मायरा हेस वाजवत असलेल्या मोझार्टवर येतो, सूर न तुटता. भिंतीवर रिकाम्या चौकटी दिसतात, कारण चित्रं सुरक्षित जागी हलवलेली होती. संकलक स्टुअर्ट मॅकॅलिस्टरचं नाव दिग्दर्शनातही आहे, आणि ते रास्तच आहे. प्रेक्षकांना कळणार नाही या धास्तीने सुरुवातीला एक भाषण जोडलं गेलं. ते आजही खटकतं.

‘फायर्स वेअर स्टार्टेड’मध्ये (1943) खरे अग्निशमन जवान आहेत. चित्रण 1942 चं. तोवर लंडनवरचा जर्मन बॉम्बहल्ल्यांचा मोठा मारा थांबलेला. त्यामुळे बॉम्बने पडलेल्या गोदामांत आगी मुद्दाम लावाव्या लागल्या. बोलणं जागेवरच, जवानांच्याच भाषेत ठरे. वितरकांसाठी मात्र मूळ फिल्म कापावी लागली.

त्याच वर्षीचा ‘द सायलेंट व्हिलेज’ नाझींनी 10 जून 1942 रोजी उद्ध्वस्त केलेल्या चेक गावाचा, लिडित्सेचा. जेनिंग्जने तो वेल्समधल्या कुमगीद या खाणकामगारांच्या गावात, गावकऱ्यांनाच घेऊन केला. आक्रमकांचे चेहरे दिसत नाहीत. ऐकू येतो फक्त लाउडस्पीकरवरचा हुकूम.

‘अ डायरी फॉर टिमथी’मध्ये (1945) निवेदन परतलं. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने लिहिलेलं ते 3 सप्टेंबर 1944 ला जन्मलेल्या बाळाशी बोलतं, आणि युद्धानंतर तू काय करशील, असं त्यालाच विचारतं.