हंटिंग्टनकडून उसनी आलेली भीती

आनुवंशिक कर्करोगाच्या जनुकीय चाचणीआधी समुपदेशक बराच वेळ बोलतात, ही रीत कर्करोगाच्या दवाखान्यात जन्मली नाही. ती हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराकडून आली. त्याची खूण १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर सापडली आणि काही वर्षांतच लक्षणांआधी भाकीत सांगणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या. आजाराला इलाज नाही. निकाल ऐकून कुणी जिवाचं बरंवाईट करेल, ही धास्ती खरी होती. म्हणून आधी समुपदेशन, मग विचाराला वेळ, मग रक्त, आणि निकाल समोर बसवूनच, असा शिरस्ता पडला.

जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धागा सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. बीआरसीए-१ जनुक १९९४ मध्ये हाती आला, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. १९९६ पासून अमेरिकेत चाचणी विकत मिळू लागली. शिरस्ता जसाच्या तसा उचलला गेला, आजार मात्र वेगळा होता. बीआरसीए-१ मधला घातक बदल असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के. म्हणजे खात्री नव्हे. शिवाय एमआरआय, अंडाशय व बीजवाहिन्या काढणं असे उपायही आहेत.

१९९६ मध्येच मानसशास्त्रज्ञ कॅरिन लर्मन यांच्या गटाने बीआरसीए-१ मधला बदल असलेल्या कुटुंबांतल्या २७९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. निकाल मागितला ४३ टक्क्यांनी. बदल नसलेल्यांचं नैराश्य कमी झालं, असलेल्यांचं वाढलं नाही. दोन वर्षांनी आणखी अनपेक्षित गोष्ट दिसली: आधीच कर्करोगाच्या काळजीने पोखरलेल्या, पण निकाल नाकारलेल्या लोकांत नैराश्याचं प्रमाण महिन्याभरात २६ वरून ४७ टक्क्यांवर गेलं. सगळे सांगण्याला घाबरत होते, आणि त्रास न ऐकणाऱ्यांना झाला. अर्थात पॉझिटिव्ह निकालाचा धक्का खोटा नाही. सुरुवातीला अस्वस्थता वाढते, विशेषतः स्वतःला कधी कर्करोग न झालेल्या बायकांत. बहुतेकींची वर्षभरात पूर्वपदावर येते.

खरी पंचाईत पॉझिटिव्ह-निगेटिव्हखेरीजच्या तिसऱ्या निकालाची: 'अर्थ अनिश्चित', म्हणजे बदल सापडला, पण तो घातक आहे की नाही हे ठाऊक नाही. असा बदल पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो, म्हणून त्यावर शस्त्रक्रिया ठरवायची नसते. पण कागदावर 'बदल सापडला' हे शब्द दिसले की माणूस पुढचं वाचतच नाही.

दुसरी पंचाईत नातेवाइकांची. समुपदेशक तीन पिढ्यांची वंशावळ काढतो: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर भरीव, वारलेल्यावर तिरकी रेघ. त्यात वडिलांची बाजू हमखास अर्धवट राहते, कारण 'स्तनाचा आजार आईकडून' हा समज घट्ट. वास्तविक बाप असो वा आई, प्रत्येक अपत्याला बदल मिळण्याची शक्यता निम्मी. सांगायची जबाबदारी बहुधा बायकांवर येते, आणि निरोप बहिणीपर्यंत पोचला तरी चुलतभावाकडे पोचत नाही.

म्हणून नातेवाइकांसाठीच्या पत्रात जनुकाचं नाव, बदलाची नेमकी नोंद आणि प्रयोगशाळेचं नाव हवंच. नुसतं 'बीआरसीए पॉझिटिव्ह' लिहिलं, तर भाचीचा 'निगेटिव्ह' म्हणजे आत्याचा बदल तिच्यात नाही, की त्या चाचणीने तो शोधलाच नाही, हे ठरवता येत नाही.